गूगल शीट्स एपीआय पायथॉनमधून: टोकनची मुदत लायब्ररीला मोजू द्या

गूगल शीट पायथॉनने वाचायचा कोड जेमतेम वीस ओळींचा आहे. वेळ खातं ते टोकन, म्हणजे शीट उघडायची परवानगी आहे हे दाखवणारी, ठरावीक मुदतीची चिठ्ठी. कोडला कोणी हात लावलेला नसतो, तरी आज नीट चाललेली स्क्रिप्ट पुढच्या आठवड्यात ‘इनव्हॅलिड ग्रँट’ म्हणत बंद पडते. असं का होतं ते कळलं की निम्मी डोकेदुखी संपते. (खाली फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना त्यातल्या शब्दांमध्ये अंडरस्कोर घाला.)

आधी ठरवा, शीट कोणाच्या नावावर उघडायची

हौसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सची एक ठरलेली शीट आहे आणि रात्री सर्व्हरवर क्रॉनने (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीने) थकबाकीची यादी काढायची आहे. अशा कामाला सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामचं खातं, घ्या. यात ब्राउझर लागत नाही, कोणाची संमतीही लागत नाही. क्लाउड कन्सोलमध्ये प्रोजेक्ट बनवा, शीट्स एपीआय सुरू करा, सर्व्हिस अकाउंट तयार करा आणि त्याची जेसन किल्ली उतरवून घ्या. कंपनीच्या खात्यात किल्ली बनवणं पॉलिसीने बंद असू शकतं, मग ॲडमिनलाच गाठावं लागतं.

इथे हमखास राहून जाणारी एक पायरी आहे. सर्व्हिस अकाउंटला स्वतःचा ईमेल पत्ता असतो, शेवटी ‘जीसर्व्हिसअकाउंट डॉट कॉम’ असलेला. माणसाला शीट शेअर करतो तशी ती या पत्त्याला शेअर करायची. नाही केली तर किल्ली बरोबर असूनही ४०३ (‘परवानगी नाही’ अशी एरर) येतो आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

वापरणाऱ्या प्रत्येकाची स्वतःची शीट उघडायची असेल तर मात्र ओऑथ, म्हणजे वापरणाऱ्याकडून ब्राउझरमध्ये परवानगी घ्यायची पद्धत, लागतं. पुढचं बरंचसं त्याबद्दल आहे.

तयारी

पिपने तीन पॅकेजेस घ्या: गूगल-एपीआय-पायथॉन-क्लायंट, गूगल-ऑथ-एचटीटीपीलिब२ आणि गूगल-ऑथ-ओऑथलिब. शोधताना ‘ओऑथ२क्लायंट’ वापरणारा एखादा लेख सापडला तर तो बंद करा. ती लायब्ररी केव्हाच मोडीत निघाली आहे.

कन्सोलमध्ये संमतीचा स्क्रीन भरा, स्वतःचा पत्ता टेस्ट युजर म्हणून घाला (नाही घातला तर ‘ॲक्सेस डिनाइड’ येतो), मग ‘डेस्कटॉप ॲप’ प्रकारचा क्लायंट आयडी बनवा. मिळालेली फाइल ‘क्रेडेन्शियल्स डॉट जेसन’ नावाने स्क्रिप्टशेजारी ठेवा. ही फाइल तुमच्या ॲपची ओळख सांगते. वापरणाऱ्याने दिलेली परवानगी ‘टोकन डॉट जेसन’ या दुसऱ्या फाइलमध्ये जाते आणि ती स्क्रिप्ट स्वतः बनवते. या दोन फाइलींची गल्लत करू नका.

स्कोप, म्हणजे परवानगीची व्याप्ती, गरजेपुरताच मागा. फक्त वाचायचं असेल तर ‘स्प्रेडशीट्स डॉट रीडओन्ली’ पुरतो.

कोडचा क्रम

टोकन डॉट जेसन असेल तर क्रेडेन्शियल्स क्लासच्या ‘फ्रॉम ऑथराइज्ड युजर फाइल’ने ती वाचा. मिळालेल्या ऑब्जेक्टचं ‘व्हॅलिड’ खरं असेल तर आणखी काही करू नका. ते खोटं, पण ‘एक्स्पायर्ड’ खरं आणि रिफ्रेश टोकन (नवं ॲक्सेस टोकन मिळवून देणारं टोकन) हाताशी असेल, तर ‘रिफ्रेश’ बोलवा आणि त्याला गूगल-ऑथच्या ट्रान्सपोर्ट मॉड्यूलमधलं रिक्वेस्ट ऑब्जेक्ट द्या. यातलं काहीच जमत नसेल तर ‘इन्स्टॉल्ड ॲप फ्लो’वर ‘रन लोकल सर्व्हर’ चालवा. पोर्ट शून्य दिला की मोकळा पोर्ट तो स्वतः शोधतो. ब्राउझर उघडतो, वापरणारा परवानगी देतो. शेवटी ‘टू जेसन’चा निकाल टोकन डॉट जेसनमध्ये लिहून ठेवा.

प्रत्यक्ष शीट उघडणारं ॲक्सेस टोकन साधारण ३६०० सेकंद चालतं. ते संपत आलं की लायब्ररी रिफ्रेश टोकन वापरून नवं आणते, एकदम संपायची वाट पाहत नाही. म्हणून मुदत स्वतः तपासणारा कोड लिहू नका. आपल्याकडे तर मुळीच नको: ‘एक्स्पायरी’मध्ये यूटीसी वेळ असते, तीही टाइमझोनच्या खुणेशिवाय. ती भारतीय वेळेच्या ‘डेटटाइम डॉट नाऊ’शी ताडली तर घड्याळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे प्रत्येक टोकन मुदत संपलेलंच दिसतं आणि स्क्रिप्ट दर खेपेला उगाच रिफ्रेश करत राहते. अमेरिकेतल्या सर्व्हरवर उलटं होतं, तिथे मेलेलं टोकन जिवंत दिसतं.

सर्व्हरवर ब्राउझर नसतो. पूर्वी परवानगी दिल्यावर दिसणारा कोड कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवता यायचा, तो मार्ग गूगलने २०२३ च्या सुरुवातीला पूर्ण बंद केला. आता दोन उपाय उरतात. एक, लॅपटॉपवर परवानगी देऊन टोकन डॉट जेसन सर्व्हरवर न्या. दुसरा, पोर्ट ८०८० ठरवून ‘ओपन ब्राउझर’ला फॉल्स द्या, एसएसएचने तोच पोर्ट लॅपटॉपकडे वळवा आणि छापलेली लिंक लॅपटॉपवर उघडा.

काय बिघडतं

बरोबर आठवड्याने ‘इनव्हॅलिड ग्रँट’ आला तर ॲप अजून ‘टेस्टिंग’मध्ये आहे. बाहेरच्या युजरसाठी असलेलं ॲप टेस्टिंगमध्ये असताना रिफ्रेश टोकन ७ दिवसच चालतं. कन्सोलमध्ये ते ‘इन प्रॉडक्शन’ करा आणि मग टोकन डॉट जेसन पुसून नव्याने परवानगी द्या, कारण जुन्या टोकनची मुदत वाढत नाही. पडताळणी न झालेल्या ॲपला इशाऱ्याचा स्क्रीन दिसतो. स्वतःच्या कामासाठी तो ओलांडायला हरकत नाही.

हीच एरर इतर कारणांनीही येते. वापरणाऱ्याने परवानगी काढून घेतलेली असते, किंवा टोकन सहा महिने वापरलेलंच नसतं. एका खात्याला एका क्लायंट आयडीवर १०० च रिफ्रेश टोकन मिळतात. त्यापुढे नवं घेतलं की सगळ्यात जुनं गुपचूप बाद होतं, म्हणून टेस्टच्या प्रत्येक रनमध्ये फ्लो चालवणं महागात पडतं. सर्व्हिस अकाउंटवर ही एरर आली तर आधी सर्व्हरचं घड्याळ बघा. ते काही मिनिटं जरी मागेपुढे असलं तरी सही केलेली विनंती नाकारली जाते.

टोकन नवं करता आलं नाही की येणारी ‘रिफ्रेश एरर’ पकडायला विसरू नका. नमुन्याच्या कोडमध्ये बहुधा ती पकडलेली नसते. लॅपटॉपवर ती आली तर टोकन फाइल पुसून फ्लो पुन्हा चालवा; क्रॉनमध्ये मात्र फ्लो सुरू करू नका, कोणाला तरी मेल जाईल असं करा. नाही तर स्क्रिप्ट कधीही न उघडणाऱ्या ब्राउझरची रात्रभर वाट पाहत बसते.

स्कोप बदलला तर टोकन डॉट जेसन पुसायलाच हवी. जुन्या टोकनवर नवा स्कोप चढत नाही. ते टोकन जिवंत असेल तर ४०३ येतो, रिफ्रेश करायची वेळ आली असेल तर ‘इनव्हॅलिड स्कोप’. ४२९ (‘विनंत्या फार झाल्या’ अशी एरर) चा टोकनशी संबंध नाही. शीट्स एपीआयला मिनिटाला प्रोजेक्टमागे ३०० आणि युजरमागे ६० वाचनं मिळतात, तेव्हा ओळीओळीने मागण्यापेक्षा पूर्ण रेंज एकदाच मागा. ओळीच्या शेवटचे रिकामे सेल उत्तरात येतच नाहीत. चौथ्या रकान्यावर ‘इंडेक्स एरर’ आली तर तेच कारण.

दोन्ही जेसन फाइली आणि सर्व्हिस अकाउंटची किल्ली गिटइग्नोरमध्ये घाला, फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. तरी एखादी चुकून गिटवर गेलीच तर कमिट पुसून भागत नाही, ती तोवर कोणीही उतरवलेली असू शकते. टोकन गेलं असेल तर गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची परवानगी काढा. ॲपची फाइल गेली असेल तर क्लायंट सीक्रेट बदला. किल्ली गेली असेल तर कन्सोलमधून ती किल्ली डिलीट करून नवी बनवा.