विजेची लाइन नसलेल्या केबिनमध्ये दोन रात्री: कोकणात जाण्याआधी या चुका टाळा

देवगड-मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात काजूच्या बागेत किंवा उघड्या कातळावर एकटीच उभी असलेली छोटी लाकडी केबिन आता भाड्याने मिळते. महावितरणची लाइन नाही, नळयोजना नाही; छपरावर सोलर आणि मागे टाकी. आपल्या मांगराचाच, म्हणजे शेतातल्या खोपटाचाच, शहरी अवतार म्हणा. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत असा मुक्काम करून आलेली मंडळी तोच बेत इथे जसाच्या तसा आखतात आणि तिथेच फसतात. नाशिकची हवा कोरडी, रात्र गार. इथे एप्रिलमध्ये मध्यरात्रीही घाम पुसावा लागतो.

त्यामुळे पहिली चूक बुकिंगच्या वेळीच होते. समुद्र दिसतो का हे सगळे विचारतात, बॅटरी किती अँपिअर-अवरची, म्हणजे तिच्यात वीज किती मावते, हे कोणी विचारत नाही. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर, आणि ती टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे. उरले ६००. जुना छताचा पंखा ७५ वॅटचा. आठ तास फिरला की ६०० संपले. दिवा, मोबाइल, काही उरलं नाही. कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे रात्रभरात २४०. मालकाला एवढंच विचारा: पंखा कुठला, बॅटरी केवढी? उत्तर नीट आलं नाही तर मी दुसरी जागा बघेन. हेअर ड्रायर, इंडक्शन, किटली घरीच ठेवा. दीड हजार वॅटचं काहीही लावलं की छोटा इन्व्हर्टर बसलाच.

रात्री अचानक अंधार झाला तर आधी इन्व्हर्टर ओरडतोय का ते ऐका. नुकतंच काही जड लावलं असेल तर ते काढून रीसेट करा. तसं काही नसेल तर बॅटरी उतरली आहे. पुन:पुन्हा बटण दाबून ती भरत नाही, उलट खराब होते. उन्हाची वाट बघा. दिवसाही चार्ज होत नसेल तर पॅनेलवर पाला किंवा माडाच्या झावळीची सावली आहे का पाहा. एका कोपऱ्यावरची सावलीही पॅनेलची वीज बरीच पाडते. पॅनेल पुसायचं ते सकाळी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

पाण्याचं गणित सोपं आहे. साधा शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर ओततो, टाकी ५०० लिटरची. चौघांनी सकाळ-संध्याकाळ मनसोक्त अंघोळ केली तर दुसऱ्या दिवशी कोरडी. मे महिन्यात कातळावरच्या विहिरी तळाला जातात, तेव्हा बादली आणि तांब्याच बरा. कोरडा, म्हणजे पाण्याविना चालणारा संडास असेल तर वास येण्याचं कारण बहुधा ओल असते: दर वेळी मूठभर लाकडाचा भुसा टाका, फिनेल ओतू नका.

आता वाइन. ओलं फडकं गुंडाळून बाटली गार करायची युक्ती कोरड्या हवेत चालते. दमट किनाऱ्यावर पाणी फारसं उडतच नाही, मग गारवा कुठला? आइसबॉक्स न्या, आणि चुऱ्यापेक्षा बर्फाची लादी टिकते. मासळीच्या बंदरावरचा बर्फ बाटल्यांभोवती ठीक, ग्लासात नको. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची म्हणतात ते १६-१८ अंशांना, इथल्या ३३ ला नव्हे. उन्हात उभ्या गाडीत तर ती शिजतेच. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून परमिटशिवाय डिकी भरून आणू नका. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे, आणि बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होऊ शकते.

एक चूक मात्र जिवावर बेतते: पावसाची सर आली म्हणून कोळशाची शेगडी केबिनमध्ये ओढणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. शेगडी बाहेरच. आणि उन्हाळ्यात काजूच्या वाळलेल्या पाचोळ्याजवळ तीही नको, ठिणगीतून वणवा लागतो.

कातळावर फुरसं हा विषारी साप आणि लाल विंचू दोन्ही असतात. रात्री बाहेर जाताना बूट आणि टॉर्च. बूट घालण्याआधी झटका. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून मृत्यू खूप घटले, पण त्यासाठी दवाखान्यात वेळेत पोचावं लागतं. साप चावल्यास कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक काही नको. हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन. फोनला रेंज कुठे येते हे म्हणूनच उजेडात बघून ठेवा.

रेल्वेने येणार असाल तर गॅसचा सिलिंडर सोबत आणू नका, त्याला मनाई आहे. कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरून रिक्षा केलीत की परतीचीही तेव्हाच ठरवा, आणि शेवटची पाणंद कच्ची आहे हे आधी सांगा. नाहीतर रिक्षावाला अर्ध्यात उतरवतो आणि उरलेली घाटी बॅगा डोक्यावर घेऊन चढावी लागते.