ओला कचरा घरीच जिरवताना

पर्यावरणपूरक म्हणून विकला जाणारा महागडा कंपोस्ट संच घेण्याआधी माळ्यावरची जुनी बादली खाली उतरवावी, कारण घरात असलेली वस्तू वापरात ठेवणे हे नवी ‘हिरवी’ वस्तू विकत आणण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. बादलीच्या तळाला आणि बाजूंना भोके पाडून ती दोन विटांवर ठेवावी, तळाशी नारळाच्या शेंड्या अंथराव्यात आणि भाजीची देठे, साली, चहाचा चोथा टाकल्यावर प्रत्येक वेळी त्यावर दुप्पट सुका पाला पसरावा. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायट्यांच्या आवारात पाल्याचे ढीग साचतात. तो जाळू न देता पोत्यांत भरून ठेवावा. विरजण म्हणून थोडे आंबट ताक पुरते. आठवड्यातून एकदा सगळे खालीवर करावे. मूठभर मिश्रण दाबल्यावर बोटांना ओल जाणवावी, पण पाणी निथळू नये. निथळले किंवा दुर्गंधी आली, तर पाला वाढवावा. पावसाळ्यात आडोसा हवाच. साधारण दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते.

सुका कचरा मात्र धुऊन, वेगळा करून ‘स्वच्छ’ या पुण्यातील कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्यांच्या हाती द्यावा. बरबटलेल्या पिशव्यांत हात घालण्याची वेळ त्यांच्यावर आणणे अन्यायाचे आहे, आणि वापरलेली सॅनिटरी पॅड तर कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपक्याची खूण करूनच द्यावीत.