शाळा न भरलेल्या वर्षाचा निकाल लावताना: या चुका टाळा

२०२०-२१ हे शैक्षणिक वर्ष महाराष्ट्रातील पहिली ते चौथीच्या बहुतेक मुलांनी वर्गातल्या बस्करावर एकदाही न बसता पूर्ण केले. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळांपैकी नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून बऱ्याच जिल्ह्यांत उघडले. प्राथमिकच्या खालच्या वर्गांची पाळी मात्र आलीच नाही. ३ एप्रिल २०२१ रोजी तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना वार्षिक परीक्षेविना वरच्या वर्गात पाठवण्याचा निर्णय जाहीर केला आणि १ मेपासून उन्हाळी सुट्टी लागली. मधल्या चार आठवड्यांत शिक्षकांना वर्ष आवरायचे होते. त्यातच दुसरी लाट उसळलेली होती आणि अनेक शिक्षक कोविडच्या कामावर नेमलेले होते. त्या घाईत आम्ही प्राथमिक शिक्षकांनी ज्या चुका केल्या, त्यांची किंमत पुढच्या जून-जुलैमध्ये कळली. पुराने किंवा आणखी कोणत्या साथीने शाळेचे दार पुन्हा दीर्घकाळ बंद राहिले, तर निदान त्याच चुका पुन्हा होऊ नयेत, म्हणून हे लिहीत आहे.

रिकामी चौकट अंदाजाने भरणे

सर्वांत मोठी चूक हीच होती आणि बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून निघाल्या. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत २०१० पासून आपल्या अंगवळणी पडलेली आहे. पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाचा, तिसरी-चौथीला ६० टक्के. म्हणजे लहान मुलांच्या बाबतीत निकालाचा मोठा भाग दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांवर उभा असतो. ज्या मुलाला शिक्षकाने वर्षभर पाहिलेलेच नाही, त्याचे दैनंदिन निरीक्षण कोठून आणणार? तरीही नोंदवहीतील चौकट रिकामी दिसली की हात आपोआप चालतो. गेल्या वर्षीची श्रेणी उतरवली जाते, किंवा वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवर फिरत असतात, त्यांतून 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो', 'कविता तालासुरात म्हणतो' अशी दोन वाक्ये उचलून चिकटवली जातात. ज्या मुलाचा आवाज आपण वर्षभरात ऐकला नाही, ते मूल कविता तालासुरात म्हणते हे आपणच लिहून देतो.

वास्तविक यातून सुटण्याची वाट त्या वर्षीच्या सूचनांमध्येच ठेवलेली होती. ज्यांचे आकारिक मूल्यमापन झाले होते, त्यांना त्यावरून श्रेणी द्यायची होती आणि ज्यांचे झालेच नव्हते, त्यांच्या प्रगतिपत्रकावर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ नुसार 'वर्गोन्नत' असा शेरा लिहायचा होता. अनेकांना हा शेरा मुलावरचा डाग वाटला आणि दयाबुद्धीने त्यांनी 'ब-१' किंवा 'अ-२' लिहून टाकले. ही दया मुलाच्या कामी आली नाही, कारण पुढच्या शिक्षकाने श्रेणी पाहिली आणि या मुलाचे बरे चालले आहे असे समजून त्याला बाजूला ठेवले.

ही चूक होऊन गेली असेल, तर दुरुस्ती अवघड नाही. प्रगतिपत्रकात खाडाखोड करण्याच्या फंदात न पडता वर्गाच्या पटावरील नावांपुढे एका वेगळ्या कागदावर तीनच प्रकार लिहावेत: मुलाशी आठवड्यातून निदान एकदा थेट बोलणे होत होते; संपर्क होता, पण केवळ पालकांमार्फत; संपर्क जवळजवळ नव्हता. तिसऱ्या प्रकारात कारणही लिहावे. फोनच नाही, रेंज नाही, कुटुंब ऊसतोडीला गेले होते, घरात आजारपण किंवा मृत्यू झाला, यांपैकी प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्यासाठी ते वर्ष दिवाळीपूर्वीच संपलेले होते. या मुलांची नावे 'अनियमित' या एका शब्दाखाली झाकली, तर पुढच्या शिक्षकाला काहीच समजत नाही.

गटातील सदस्यसंख्येला उपस्थिती समजणे

व्हॉट्सॲपच्या गटात वर्गाच्या पटावरील ३० पैकी २६ पालक आहेत, म्हणून २६ मुलांपर्यंत शिक्षण पोहोचले, असा हिशेब वर्षभराच्या अहवालांत मांडला गेला. तो फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परततो, तेव्हा मूल पेंगुळलेले असते. घरात तीन भावंडे असली, तर फोनवर पहिला हक्क दहावीतल्या ताईचा असतो. निळ्या खुणा दिसल्या, तरी स्वाध्याय कोणी पाहिला हे त्यांवरून कळत नाही. स्वाध्यायांच्या छायाचित्रांचेही तेच आहे. दुसरीतल्या मुलाचे अक्षर अचानक वळणदार झाले, शिरोरेघ सरळ आली आणि एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नाही, की वहीमागे आई किंवा आत्या बसलेली आहे असे खुशाल समजावे. यात पालकांना दोष देण्यासारखे काही नाही. गुरुजींनी मागितले ते त्यांनी पाठवले.

म्हणून वर्ष आवरताना गोळा झालेल्या छायाचित्रांच्या ढिगाऱ्यावरून निष्कर्ष काढू नयेत. प्रत्येक मुलासाठी दहा मिनिटे काढून त्याच्याशी प्रत्यक्ष फोनवर बोलावे. पाठ्यपुस्तकातला न शिकवलेला एक उतारा मोठ्याने वाचायला लावावा, चार-पाच शब्दांचे श्रुतलेखन घ्यावे आणि तिसरीच्या पुढे असेल, तर हातच्याची एक वजाबाकी सांगावी. शिकवलेला पाठ देऊ नये, कारण लहान मुले ऐकून ऐकून अख्खा पाठ तोंडपाठ करतात आणि बोट भलत्याच ओळीवर ठेवून अस्खलित 'वाचतात'. शंका आली, तर उताऱ्याच्या शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सांगावे. पाठांतर तेथेच अडखळते. मागून कुजबुज ऐकू येत असेल, तर पालकांना रागावू नये. 'ताई, तुम्ही पुढचा प्रश्न तुम्हालाच आहे असे समजा, हा त्याला सोडवू द्या,' एवढे हसत म्हटले तरी पुरते. फोन लागतच नसेल, तर सुरक्षित अंतर ठेवून देवळाच्या ओट्यावर किंवा झाडाखाली एकेका मुलाला भेटावे. त्या वर्षी सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले आणि पालघरच्या आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. फोनविना मुलांपर्यंत जाता येते, हे त्यातून दिसलेच होते.

अशी चाचपणी केली असती, तर जे समोर आले असते, त्याची कल्पना अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या जानेवारी २०२१ मधील पाहणीवरून करता येते. पाच राज्यांतील दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांच्या त्या पाहणीत ९२ टक्के मुलांनी आधीच्या इयत्तेतले भाषेचे किमान एक कौशल्य आणि ८२ टक्के मुलांनी गणिताचे किमान एक कौशल्य गमावलेले आढळले. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या शाळांचे चित्र फार वेगळे असेल असे मानायला माझ्याजवळ तरी कारण नव्हते.

'वर्गोन्नत'चा अर्थ पालकांना न सांगणे

आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायचे नाही, हे कलम १६ चे मूळ सूत्र. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी-आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. पालकांना यातले काही ठाऊक नसते. एकाला वाटते आपला मुलगा पास झाला, दुसऱ्याला वाटते त्याला ढकलला. दोन्ही समजुती नुकसान करतात: पहिलीने पालक निर्धास्त होतो आणि दुसरीने मुलाला घरात टोमणे बसतात. एका पालकाने मला फोनवर सरळ विचारले होते, 'गुरुजी, एकदा खरं सांगा, पोरगं पास की नापास?' तेव्हा दोन्ही नाही असे सांगून, त्याला काय येते आणि काय राहिले हे मी चार वाक्यांत सांगितले, आणि प्रगतिपत्रकापेक्षा तीच चार वाक्ये त्यांच्या लक्षात राहिली. हे बोलणे प्रत्येकाशी स्वतंत्र व्हावे. गटावर श्रेण्यांची यादी टाकणे हा तर निव्वळ अविचार आहे.

पहिली आणि चौथी यांना इतरांसारखे धरणे

जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुलांनी शाळाच पाहिली नव्हती. पेन्सिल धरणे, रांगेत उभे राहणे, शेजाऱ्याला खोडरबर देणे यांतले काही न होता ती कागदोपत्री दुसरीत गेली आणि ग्रामीण भागात शाळा १ डिसेंबर २०२१ रोजी भरली, तेव्हा काही मुले गुरुजींच्या तोंडाकडे टक लावून बसली, कारण आवाज ओळखीचा होता आणि चेहरा नव्हता. अशा वर्गाच्या नोंदींवर 'पहिली प्रत्यक्ष झालेली नाही' असे ठळक लिहून ठेवावे आणि दुसरीच्या शिक्षकाला मुळाक्षरांपासून सुरुवात करण्याची मोकळीक मुख्याध्यापकांनी तोंडी नव्हे, तर लेखी द्यावी.

चौथीची अडचण वेगळी असते. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळा चौथीपर्यंतच आहेत, तेथील मुलांना पाचवीसाठी दुसरी शाळा धरावी लागते, आणि बंदच्या काळात दाखला अडकतो. बहुतेक वेळा जनरल रजिस्टरमधील (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीतील) नाव आणि आधार कार्डावरील नाव जुळत नाही, किंवा 'सरल' या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंद प्रणालीत जुन्या शाळेने विद्यार्थ्याला सोडलेले नसते. हे काम जूनवर न ढकलता एप्रिलमध्येच नावे पडताळून संपवावे. पुस्तके किंवा शाळेचा टॅब परत आला नाही म्हणून दाखला रोखणे हे तर कायद्याच्या विरुद्ध आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला तात्काळ द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पालकांनी हे कलम पाठ करून ठेवावे, असे मी शिक्षक असूनही म्हणतो.

निरोप समारंभाविषयी थोडेच सांगतो. तो पडद्यावर केला, तर ज्यांच्याकडे फोन नाही, तीच मुले पुन्हा बाहेर राहतात. आमच्याकडे पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ न्यायला पालक ठरलेल्या वेळी येत. त्या पिशवीबरोबर प्रत्येक मुलाच्या नावाने हाताने लिहिलेले पत्र दिले, ते अधिक चांगले ठरले. धान्यवाटप आणि जुनी पुस्तके परत घेणे ही दोन्ही कामे इयत्तावार दिवस पाडून एकाच फेरीत उरकावीत. पालकांची मजुरी दोनदा बुडवू नये.

सगळे पुढच्या वर्षावर सोपवणे

राहिलेले जूनमध्ये भरून काढू, हे वाक्य तेव्हा सर्वत्र ऐकू येत होते. प्रत्यक्षात १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागच्या इयत्तेतले राहिलेले भरून काढणारा अभ्यासक्रम, राबवला गेला, पण खालच्या वर्गांच्या शाळा तेव्हाही बंदच असल्याने तोही मुख्यतः फोनवरूनच गेला. साहजिकच ज्या मुलांपर्यंत वर्षभर काही पोहोचले नव्हते, त्यांच्यापर्यंत सेतूही पोहोचला नाही. म्हणून पहिल्या दिवशी कोणाच्या घरी पायी जायचे, याची यादी सुट्टीआधीच तयार हवी. सुट्टीत संपूर्ण पुस्तकाचा स्वाध्याय देऊन ही भरपाई होत नाही. रोज एक पान मोठ्याने वाचणे आणि घरातल्या किराणा हिशेबातली एक बेरीज-वजाबाकी एवढे झाले, तरी खूप झाले.

आणखी एक व्यावहारिक चूक. वर्षभराचे सारे काम एका शिक्षकाच्या खासगी फोनमध्ये असते. जागा भरली म्हणून गट उडवला जातो, किंवा बदली होते आणि नव्या शिक्षकाच्या हाती कोरा पट येतो. प्रत्येक मुलाच्या वाचनाचे एक छोटे ध्वनिमुद्रण, वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे एकेक लेखन आणि वर सांगितलेला तीन प्रकारांचा कागद एवढेच शाळेच्या संगणकावर किंवा छापून फायलीत ठेवावे. मुलांचे चेहरे आणि पालकांचे क्रमांक असलेला बाकीचा साठा पालकांना सांगून पुसून टाकावा.

त्या कागदावर घरापर्यंत कसे जायचे हेही लिहावे. माझ्या जागी आलेल्या बाईंना मी दिलेल्या कागदावर एका मुलीच्या नावापुढे फोन क्रमांक नव्हता. 'विहिरीपलीकडची वस्ती, तिसरे घर, संध्याकाळी सहानंतर आजी असते' एवढेच होते, आणि बाई जूनच्या पहिल्या आठवड्यात तेथे जाऊन आल्या.