सर्व्हर ठरल्या वेळीच पडतोय? आधी घड्याळ बघा

सर्व्हर दर काही तासांनी किंवा रोज झोपत असेल, तर रॅम वाढवायला धावू नका. आधी पडण्याच्या वेळा कागदावर लिहा आणि मुद्दाम एकदा अवेळी रीस्टार्ट करून बघा. त्यानंतरही तो घड्याळाच्या त्याच ठोक्याला पडला, तर संशय शेड्यूल केलेल्या कामावर: बॅकअप, अँटीव्हायरस स्कॅन, लॉग रोटेशन (जुन्या नोंदींच्या फायली बाजूला काढणं). पडण्याची वेळ रीस्टार्टबरोबर पुढे सरकली, तर बहुधा मेमरी लीक, म्हणजे एखादा प्रोग्राम घेतलेली मेमरी परत सोडत नाही. क्वचित एखादा काउंटरही भरतो. विंडोज 95 मिलिसेकंदांच्या 32 बिट काउंटरमुळे 49.7 दिवसांनी गोठायचं.

क्रॉनटॅब (लिनक्समधली ठरल्या वेळच्या कामांची यादी) बघताना टाइमझोन विसरू नका. डेबियन लिनक्सवर रोजची क्रॉन कामं मुळात सकाळी 6:25 ला लागतात. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्याकडे तेव्हा 11:55 वाजलेले असतात, आणि सगळे दुपारच्या ट्रॅफिकला शिव्या घालत बसतात. लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचे टायमर क्रॉनटॅबमध्ये दिसत नाहीत, ते वेगळे तपासा.

मग जर्नलसीटीएल या कमांडने मागच्या बूटचा कर्नल लॉग, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या नोंदी, काढा. जर्नल (या नोंदींचा साठा) डिस्कवर साठत नसेल तर रीस्टार्टबरोबर पुरावाही जातो, म्हणून ती सोय आजच करा. ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ दिसली, तरी मारली गेलेली प्रोसेस दोषी असेलच असं नाही. कर्नल सहसा सर्वात जास्त मेमरी धरून बसलेल्याला उडवतो. बळी मायएसक्यूएल डेटाबेसचा जातो, आणि खादाड बॅकअप स्क्रिप्ट नामानिराळी राहते.