दादरला मुक्काम करताय? मग या चुका टाळा

आमचं घर दादरला, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. त्यामुळे नाशिकहून लग्नाच्या साड्या घ्यायला आलेली मंडळी असोत की परळला टाटा रुग्णालयात तपासणीसाठी आलेले सांगलीचे काका, उतरतात आमच्याकडेच. इतक्या वर्षांत एक लक्षात आलंय. दादरच्या गर्दीला सगळेच घाबरतात, पण पस्तावतात ते चुकीच्या बाजूला किंवा चुकीच्या वेळेला आल्यामुळे.

ईस्ट की वेस्ट, हे न विचारता निघणं

फोनवर "दादर स्टेशनबाहेर उभा आहे" एवढंच सांगणाऱ्या पाहुण्याला शोधायला मी निदान पन्नास वेळा तरी जिने चढलोय-उतरलोय. फुलबाजार, रानडे रोड, शिवाजी मंदिर, शिवाजी पार्क, चैत्यभूमी हे सगळं पश्चिमेला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, टीटी (म्हणजे जुन्या ट्राम टर्मिनसचा चौक) आणि पुण्याची शिवनेरी बस पूर्वेला. शिवनेरी पकडायची आणि बॅगा घेऊन बाहेर पडलात फुलबाजाराच्या तोंडाशी, तर माघारी येण्यातच घाम निघतो. शिवाय रेल्वेच्या पुलांवर टीसी उभे असतात. तुम्हाला घ्यायला येणाऱ्याने पूल ओलांडण्याआधी प्लॅटफॉर्म तिकीट काढावं, नाहीतर टिळक पुलावरून वळसा घालावा.

फलाटांचा घोळ वेगळाच. पूर्वी पश्चिम रेल्वेचा एक नंबर आणि मध्य रेल्वेचा एक नंबर असे दोन 'एक नंबर' होते. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ ते १४ झाले. पण जुनी माणसं अजून जुनेच आकडे सांगतात. आमचे बाबा 'सेंट्रलचा एक नंबर' म्हणतात, तेव्हा तो आठ समजायचा.

रिक्षा शोधणं

पुण्या-ठाण्याचे पाहुणे स्टेशनबाहेर येऊन रिक्षाला हात करायला जातात. रिक्षा नाहीच! माहीम आणि सायनच्या अलीकडे, म्हणजे मूळ मुंबई शहरात, रिक्षांना बंदी आहे. इथे बेस्टची बस, मीटरची काळी-पिवळी, नाहीतर आपले पाय. जवळच्या भाड्याला टॅक्सीवाले नकारार्थी मान हलवतात, हे खरं आहे. सिद्धिविनायकाला जायचं तर पश्चिमेला शेअर टॅक्सीची रांग असते, तिथे उभं राहा. मे २०२५ पासून भुयारी मेट्रोही दादरहून पुढच्याच स्थानकावर सिद्धिविनायकाला सोडते. फक्त हे मेट्रो स्थानक लोकलच्या स्टेशनाला लागून नाही, सेनाभवनाच्या बाजूला चालत जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजीला 'मेट्रो आहे की' म्हणून नेऊ नका.

वार आणि तारीख न बघणं

मंगळवारी सिद्धिविनायकाला आणि तिथूनच रानडे रोडला खरेदी, हा बेत कागदावर फार छान दिसतो. रांगेतच दुपार होते. अंगारकी असेल तर विषयच सोडा. दर्शन दुसऱ्या कुठल्या वारी सकाळी लवकर करा आणि बाजार अकरानंतर ठेवा.

फुलबाजाराचं उलट. तो पहाटे, उजाडायच्या आधीच भरतो. दहा वाजता गेलात तर उरलेला झेंडू आणि पायाखाली चिखल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र फुलं घ्यायची असतील तरच त्या रस्त्याला या. गणपतीआधीच्या शनिवार-रविवारी रानडे रोडवर लहान मूल कडेवर घ्यावं लागतं, हात धरून भागत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर देशभरातून लाखो लोक बाबासाहेबांना अभिवादन करायला येतात. त्यासाठीच येणार असाल तर जरूर या. नुसत्या खरेदीसाठी त्या आठवड्यात लॉज शोधू नका.

खाण्याचंही तसंच. आस्वाद हॉटेलच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. रविवारी सकाळी बाहेर नाव लिहून थांबणारी माणसं बघितली की वाटतं, सगळी मुंबई आजच बातमी वाचून आलीय. आडवारी जा. नाहीतर छबिलदास शाळेच्या गल्लीत उभ्या उभ्या वडा खा, भूक तितकीच भागते.

लॉजवर ठरवताना 'चेकआउट किती वाजता' असं विचारू नका, 'चोवीस तासांचा हिशेब आहे की बारा ते बारा' असं विचारा. माझ्या मित्राने सकाळी सात वाजता खोली घेतली आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवसाचं भाडं भरलं. खोली रस्त्याकडची नको, मागची मागा. आणि नातेवाइकांकडे उतरणार असाल तर पहिल्याच रात्री पाण्याची वेळ विचारून घ्या. जुन्या इमारतींत त्या वेळेत सगळ्या घराचं धुणं, भांडी, अंघोळी चालू असतात.

परत जाताना

संध्याकाळी सहा ते नऊ विरार फास्टमध्ये चढून वांद्र्याला किंवा अंधेरीला उतरायचं धाडस करू नका. दारातले विरारकर तुम्हाला हलू देत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, त्यांना तासभर उभं राहायचंय. स्लो गाडी घ्या. बॅगा असतील तर दादरहूनच सुटणारी लोकल बघा.

कोकणात जाणाऱ्यांनी तुतारी एक्सप्रेसचं तिकीट दोनदा वाचावं. ती दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. आमच्या आत्याचं तिकीट शनिवारचंच होतं. ती शनिवारी रात्री साडेअकराला चार पिशव्या आणि खाऊचा डबा घेऊन फलाटावर पोचली. गाडी जवळजवळ चोवीस तासांपूर्वीच गेली होती. पुढचं तिकीट मंगळवारचं मिळालं. आम्ही डबा घरीच उघडला.