रात्री जनावर शोधायचंय? टॉर्च कानशिलाशी धरा

नागपूरहून ग्रुपनं पेंच किंवा उमरेडच्या जंगलाकडे गेलं, की रात्री दहा टॉर्च दहा दिशांना फिरतात आणि उदमांजर, साळिंदर कुणालाच दिसत नाही. टॉर्च कमरेशी धरलेला असतो, हीच चूक.

१. टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा. जनावराच्या डोळ्यांतली चमक जिथून प्रकाश आला तिकडेच परतते. झोत कमरेवरून टाकलात तर ती तुमच्यापर्यंत फारशी येत नाही.

२. काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर रबरबँडनं बसवा. नागपूरच्या इतवारी बाजारात स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळतो. पांढऱ्या झोतापेक्षा जनावर कमी बिचकतं.

३. झोत सावकाश फिरवा. झाडांच्या फांद्याही बघा, उदमांजर बहुतेकदा वरच असतं.

४. चमक दिसली की बोट दाखवून ओरडू नका. गाईडला हळूच सांगा.

गवतात दवासारखे बारीक ठिपके चमकले तर ते कोळ्यांचे डोळे! पहिल्या रात्री मी अर्धा तास त्यांच्यातच घालवला.

मात्र रात्री जंगलात शिरायचे नियम बदलत असतात. निघण्याआधी वनविभागाकडे विचारा, आणि परवानगी नसेल तर मुक्कामाच्या आवारातूनच झाडं न्याहाळा.