सेटिंगची मदत फोनवर मागताय? आधी 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'चं पान कॉपी करा

ब्राउझर किंवा न्यूजरीडरचं (इंटरनेटवरचे चर्चागट, म्हणजे न्यूजग्रुप, वाचायचा प्रोग्राम) सेटिंग बिघडलं की मी नागपूरच्या धरमपेठेतून पुण्याच्या भाच्याला फोन लावायचो. "मामा, व्हर्जन कोणतं? अ‍ॅड-ऑन कोणकोणते?" यातच अर्धा तास जायचा. ही सगळी माहिती प्रोग्रामच्या आतच एका पानावर तयार असते.

फायरफॉक्स (ब्राउझर), थंडरबर्ड (मेल आणि न्यूजग्रुपसाठी), सीमंकी (यात ब्राउझर, मेल आणि न्यूजग्रुप एकत्रच आहेत), तिन्हींत रीत जवळपास सारखी:

१. 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. फायरफॉक्समध्ये आधी 'मोअर' लिहिलेलं दिसेल. वरची मेनूपट्टी गायब असेल तर कीबोर्डवरचं ऑल्ट बटण एकदा दाबा.

२. वरच्या 'कॉपी टेक्स्ट टू क्लिपबोर्ड' बटणावर क्लिक करा.

३. मेलमध्ये पेस्ट करा. वर दोनच ओळी लिहा: काय करत होतात आणि एरर काय आली. एरर अक्षरन् अक्षर उतरवा. "सर्व्हर चालत नाही" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ११९ की ५६३, हे लिहिलं की लगेच उलगडा होतो. न्यूज सर्व्हरचं साधं कनेक्शन ११९ वर चालतं, एसएसएलचं (म्हणजे सुरक्षित, सांकेतिक) ५६३ वर.

भाच्याने परवा माझी भानगड पाच मिनिटांत सोडवली. पोर्ट बदललं होतं, पण एसएसएलची खूण करायची राहिली होती.

पाठवण्याआधी मजकूर एकदा वाचा. त्यात स्वतःचं नाव, मेल पत्ता, फोल्डरचा मार्ग दिसला तर खोडा. प्रोफाइल फोल्डर (प्रोग्राम तुमची सेटिंग ठेवतो तो) मात्र कोणालाही पाठवू नका, साठवलेले पासवर्ड त्यातच असतात.